तळघरात रेडॉन ७.२ आला, घर सोडायचे का?

रेडॉन म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू. त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत तळघर असलेल्या घराचा व्यवहार सुरू आहे. होम इन्स्पेक्शनच्या वेळी तळघरात रेडॉन शोषून मोजणारे कोळशाचे दोन डबे ठेवले होते, त्यांची सरासरी ७.२ पिकोक्युरी प्रति लिटर आली. विक्रेता म्हणतो, खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे झाले. एजंट म्हणतो, एक पंखा बसवून घ्या. भारतातून आई-वडील म्हणतात, असले काही आपल्याकडे कधी ऐकले नाही. तळघरात ऑफिस थाटायचे आहे आणि आई-वडील सहा महिने राहायला आले की तिथेच त्यांची खोली करायची आहे. पाणी खासगी बोअरवेलचे आहे. अशा स्थितीत घर घ्यावे का?

रेडॉन या एका कारणासाठी घर सोडू नका. घरातल्या मोठ्या दोषांपैकी सर्वांत भरवशाने दुरुस्त होणारा दोष हाच आहे. पाया खचला असेल तर कितीही खर्च केला तरी मनात शंका उरते. रेडॉन एका दिवसाच्या कामात खाली येतो आणि तो खाली आल्याचे मोजून दाखवता येते. पण ‘पंखा बसवून घ्या’ एवढ्यावरही समाधान मानू नका. पाइप आणि पंखा डोळ्यांना दिसतात, म्हणून काम झाले असे वाटते. खरी कसोटी एकच आहे: तळघराच्या काँक्रीटखालचा दाब तळघरातल्या हवेच्या दाबापेक्षा कमी झाला का, आणि तो कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत कमी झाला का. खाली जे लिहिले आहे ते सगळे या एका प्रश्नाभोवती फिरते.

आधी आकड्याचा अर्थ. ७.२ पिकोक्युरी म्हणजे एक लिटर हवेत दर मिनिटाला रेडॉनचे सुमारे १६ अणू फुटतात. एका पिकोक्युरी प्रति लिटरला ३७ ने गुणले की बेक्वेरेल प्रति घनमीटर मिळतात, म्हणजे तुमचा आकडा सुमारे २६६. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए ४ पिकोक्युरीला, म्हणजे १४८ बेक्वेरेलला, दुरुस्ती करा म्हणते आणि २ ते ४ मध्ये असेल तरी विचार करा म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेक्वेरेल, म्हणजे २.७ पिकोक्युरी, ही पातळी सुचवली. जिथे ती शक्य नाही तिथे ३०० च्या वर जाऊ नये असे म्हटले. अमेरिकी घरांतली सरासरी १.३ आणि बाहेरच्या हवेतली सुमारे ०.४ आहे. तेव्हा ७.२ हा घाबरून पळण्याचा आकडा नाही, पण दुर्लक्ष करण्याचाही नाही. विशेषतः ज्या खोलीत कोणी दिवसाचे आठ-दहा तास काढणार आहे तिथे.

रेडॉन स्वतः निष्क्रिय वायू आहे. श्वासाबरोबर आत जातो आणि बहुतेक तसाच बाहेर येतो. धोका आहे तो त्याच्यापासून पुढे तयार होणाऱ्या घन धातूंच्या अणूंचा. रेडॉन-२२२ चा अर्धायुकाल ३.८२ दिवस. तो फुटला की पोलोनियम-२१८, मग शिसे-२१४, बिस्मथ-२१४ आणि पोलोनियम-२१४ अशी साखळी तासाभराच्या आत उलगडते. हे अणू धुळीच्या, धुराच्या सूक्ष्म कणांना चिकटतात, श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर बसतात आणि दोन्ही पोलोनियम तिथेच अल्फा कण सोडतात. अल्फा कण कागदाच्या तुकड्याने अडतो, पण इथे मध्ये कागदच नसतो. सगळी ऊर्जा थेट जिवंत पेशीत उतरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गटात टाकले. युरोपातल्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००५ मध्ये आले. त्यात दर १०० बेक्वेरेल वाढीला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो असे निघाले. ईपीएच्या अंदाजाने आयुष्यभर ४ पिकोक्युरीत राहिलेल्या, कधीच धूम्रपान न केलेल्या १,००० माणसांत सुमारे ७ जणांना, आणि धूम्रपान करणाऱ्या १,००० जणांत सुमारे ६२ जणांना फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती सोडणे हा रेडॉनवरचाही मोठा उपाय आहे.

हा धोका वर्षानुवर्षांचा आहे. डोके दुखणे, खोकला, अंगावर पुरळ यांचा रेडॉनशी संबंध नाही. काही महिने अशा घरात राहिलात म्हणून रक्त तपासायची किंवा स्कॅन करायची गरज नसते. त्यामुळे दुरुस्ती व्यवस्थित, योग्य माणसाकडून करून घ्यायला तुमच्याकडे वेळ आहे. घाईत वाईट काम करून घेण्यात अर्थ नाही.

आता चाचणी खरी होती का हे पाहू. कोळशाच्या डब्यांची अल्पकालीन चाचणी किमान ४८ तासांची हवी. सुरू होण्याच्या १२ तास आधीपासून आणि संपेपर्यंत सगळ्या मजल्यांच्या खिडक्या आणि बाहेरची दारे बंद हवीत. ये-जा करण्यापुरते दार उघडले तर चालते. हीटिंग किंवा एसी नेहमीसारखा चालू राहू द्यायचा, पण संपूर्ण घराची हवा बाहेर ओढणारा छतातला पंखा बंद. डबा जमिनीपासून २० इंच वर, बाहेरच्या भिंतीपासून फूटभर आणि खिडकी-दारापासून ३ फूट लांब हवा. बाथरूम, कपडे धुण्याची खोली, कपाट आणि पाणी साठणाऱ्या सम्पच्या खड्ड्याशेजारची जागा चालत नाही. कोळसा दमटपणा शोषतो आणि मग त्याची रेडॉन धरण्याची ताकद कमी होते. डबा सील करून त्याच दिवशी लॅबला पाठवावा लागतो, कारण त्यातला निम्मा रेडॉन चार दिवसांच्या आतच संपतो; आठवडाभर गाडीत पडून राहिलेला डबा निरुपयोगी होतो. दोन्ही डब्यांचे आकडे वेगवेगळे मागून घ्या. एक ६.९ आणि दुसरा ७.५ असेल तर ७.२ वर विश्वास ठेवा. एक ३ आणि दुसरा ११.४ असेल तर सरासरी तीच येते, पण चाचणी बाद धरून पुन्हा करा.

घराच्या व्यवहारात माझी पसंती सतत मोजणाऱ्या यंत्राला आहे. ते दर तासाचा आकडा देते, त्यामुळे कोणी मध्येच खिडक्या उघडल्या तर आलेखात खड्डा दिसतो. अनेक यंत्रे हलवल्याचीही नोंद ठेवतात. दीर्घकालीन चाचणी, म्हणजे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा सीआर-३९ प्लॅस्टिकचा तुकडा, वर्षभराची खरी सरासरी सांगते. पण क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या, तारखा तिच्यासाठी थांबत नाहीत. ७.२ या आकड्याला दीर्घ चाचणीची वाट पाहायचीही गरज नाही. ३ ते ५ च्या काठावर असता तर वेगळे सांगितले असते.

रेडॉन घरात येतो कसा? जमिनीत युरेनियम-२३८ सगळीकडे थोडेफार असते. त्याच्या साखळीत रेडियम-२२६ येते आणि रेडियम फुटले की रेडॉन. मातीच्या कणांमधल्या हवेत त्याचे प्रमाण घरातल्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असते. हंटरडनच्या उत्तर भागातून ‘रीडिंग प्रॉंग’ नावाचा जुन्या स्फटिकी खडकांचा पट्टा जातो. तो पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंगपासून न्यू जर्सी ओलांडून न्यूयॉर्क राज्यात शिरतो. ईपीएच्या नकाशात हंटरडन, मर्सर, सॉमरसेट या काउंट्या सर्वांत वरच्या गटात आहेत. पण फक्त खडकावर सगळे ठरत नाही. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढून माळ्यातून निसटते आणि घर धुराड्यासारखे खालून हवा ओढू लागते. तळघर बाहेरच्या मातीपेक्षा ३ ते ५ पास्कल (दाबाचे एकक) कमी दाबाचे होते. हा दाब इतका किरकोळ आहे की कानाला किंवा त्वचेला कळत नाही, पण भिंत आणि स्लॅब, म्हणजे तळघराची काँक्रीटची जमीन, यांच्यामधल्या सांध्यातून, सम्पच्या खड्ड्यातून, पाइपांभोवतीच्या फटींतून, पोकळ ब्लॉकच्या भिंतींतून मातीतली हवा अखंड वर येत राहायला तेवढा पुरतो. कपड्यांचा ड्रायर, बाथरूमचे पंखे, शेकोटी हे सगळे त्यात भर घालतात. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते: फोडणीच्या वासासाठी बसवलेला मोठा किचन हूड. मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर फेकणारा हूड घट्ट बांधलेल्या घरात चालू केला आणि बाहेरून हवा यायला वाट ठेवली नसली, तर ती हवा तळघरातून येते. घर गरम करणाऱ्या भट्टीचा परतीच्या हवेचा डक्ट तळघरात गळत असला तरी तेच होते.

हे समजले की शेजाऱ्याच्या आकड्यावरून आपला अंदाज का बांधू नये हेही समजते. १९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियात लिमरिक अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. तिथे काम करणारे स्टॅन्ली वॉट्रास दाराशी बसवलेल्या किरणोत्सार तपासणी यंत्रात वारंवार अडकू लागले. केंद्रात तोवर वीजनिर्मिती सुरू झालेली नव्हती. शेवटी उलगडा झाला की ते किरणोत्सार घरून अंगावर घेऊन येत होते. त्यांच्या घरात सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. अमेरिकेत घरगुती रेडॉनकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले ते इथून. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ते घर पाडले नाही. दुरुस्त करून कुटुंब पुन्हा तिथेच राहायला गेले. तुमचे तर ७.२ आहे.

उपाय म्हणजे घर जो दाब निर्माण करते त्याच्यापेक्षा जास्त ओढ स्लॅबखाली निर्माण करणे. मग फटी राहिल्या तरी हवा तळघरातून खाली जाते, खालून वर येत नाही. काम नीट झाले तर आकडा साधारण २ च्या खाली येतो, पुष्कळदा १ च्या आसपास.

चांगला काँट्रॅक्टर पाइप कापण्याआधी ओढीची चाचणी करतो. स्लॅबमध्ये दीड इंचाचे एक भोक पाडून त्याला मोठा व्हॅक्यूम लावायचा आणि लांबच्या कोपऱ्यांत बोटापेक्षा बारीक भोके पाडून तिथे सूक्ष्म मॅनोमीटरने दाब वाचायचा. खाली चार इंच स्वच्छ खडी असेल तर एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकाला सहज पोहोचते. खाली चिकणमाती किंवा दाबून बसवलेला भराव असेल तर दहा फुटांवर शून्य येतो. मग दोन-तीन ठिकाणी ओढीचे खड्डे लागतात, किंवा कमी हवा पण जास्त ओढ देणारा पंखा लागतो. खडीवर हा पंखा लावला तर हवा पुरत नाही, आणि चिकणमातीवर जास्त हवेचा, कमी ओढीचा पंखा लावला तर तो नुसता फिरतो. ही चाचणी न करता फोनवर ‘एक पाइप, एक पंखा, इतके डॉलर’ सांगणाऱ्याला काम देऊ नका.

ओढीच्या जागी स्लॅबला पाच इंचांचे भोक पाडून खालची २० ते ४० लिटर खडी-माती हाताने काढावी लागते. हा खड्डा पुष्कळ जण खोदत नाहीत, कारण तो पुढे कोणाला दिसत नाही. पाइपाचे तोंड मातीला चिकटून राहिले तर ओढ तिथेच संपते. खड्डा झाला की हवा गोळा व्हायला मोठा पृष्ठभाग मिळतो. चिकणमातीत तर या खड्ड्यावरच काम जमते किंवा बिघडते.

पाइप शेड्यूल ४० चा, म्हणजे जाड भिंतीचा, पीव्हीसी, ३ किंवा ४ इंच. खडीतून भरपूर हवा येणार असेल तर ४ इंचच घ्या. ३ इंचात हवा वेगाने जाते आणि भिंतीतून शीळ घातल्यासारखा आवाज येतो. आडव्या पाइपाला दर फुटाला किमान इंचाचा आठवा भाग एवढा उतार हवा, आणि तो ओढीच्या खड्ड्याकडे. मातीतली हवा ओलसर असते. थंड पाइपात तिचे पाणी होते आणि दिवसाला बरेच गोळा होऊ शकते. पाइपाला मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साचते, आधी गुळगुळ आवाज येतो आणि मग हवाच बंद होते.

पंखा कुठे बसवला आहे हे पाहिल्यावर काम करणाऱ्याची जाण कळते. पंख्याच्या पुढचा पाइप जादा दाबाखाली असतो. त्याचा एक सांधा गळला तर गोळा केलेला रेडॉन घरातच सुटतो. म्हणून पंखा तळघरात किंवा राहत्या जागेच्या खाली कुठेही नको. माळ्यावर किंवा घराबाहेर हवा, आणि उभ्या पाइपावर, म्हणजे साचलेले पाणी पंख्यात न थांबता खाली उतरेल. जोडणीला रबरी कपलिंग लावले की थरथर भिंतीत उतरत नाही आणि दहा वर्षांनी पंखा बदलणेही सोपे जाते. पाइपाचे तोंड छताच्या कडेच्या वर, जमिनीपासून किमान १० फूट उंच हवे. १० फुटांच्या आत खिडकी असेल तर तोंड तिच्यापेक्षा किमान २ फूट वर. हिवाळ्यात बाहेरून नेलेल्या पाइपाच्या तोंडाशी बर्फ धरू शकतो, त्यामुळे जिथे जमेल तिथे मी घरातून, कपाटाच्या कोपऱ्यातून माळ्यावर नेलेला पाइप पसंत करतो; आतला पाइप उबदार राहतो. वर जाळीची टोपी घालू नका, बर्फ आधी तिच्यावरच बसतो.

सीलिंग हा पंख्याचा जोडीदार आहे. सम्पच्या खड्ड्यावर रबरी गॅस्केटचे, बोल्टने बसणारे झाकण हवे. शक्यतो पारदर्शक, म्हणजे पंप चालतो का ते न उघडता दिसेल. स्लॅब आणि भिंतीच्या सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरायचे. सिलिकॉन काँक्रीटला नीट धरत नाही. जमिनीतल्या ड्रेनला पाणी सोडणारी पण हवा अडवणारी झडप. भिंतीच्या पोकळ ब्लॉकची वरची उघडी तोंडे बंद. भिंतीलगत पाणी वाहून नेणारी उघडी चर असेल तर ती बुजवून टाकू नका, तळघरात पाणी शिरेल. चरीच्या तळाशी पाण्याची वाट ठेवून वरून बंद करायची असते. घराच्या एखाद्या भागाखाली तळघराऐवजी क्रॉल स्पेस, म्हणजे रांगत जाण्याइतकी बुटकी पोकळी, आहे का ते आवर्जून विचारा. तिच्या उघड्या मातीवर कमीत कमी ६ मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), त्याहून जाड तर उत्तम, पॉलिथिनचा कागद, सांध्यांवर फूटभर एकावर एक, कडा भिंतीला चिकटवलेल्या, आणि त्याखालून त्याच पंख्याची ओढ. हा कोपरा सोडून दिला तर बाकीचे काम चांगले असूनही आकडा ४ च्या आसपास अडून राहतो.

पंखा सुरू केला की काँट्रॅक्टरने पुन्हा त्या लांबच्या भोकांवर दाब वाचून दाखवावा. उन्हाळ्यात १ पास्कल मिळाला म्हणून जानेवारीत तो पुरेल असे नाही. उन्हाळ्यात काम होत असेल तर ४-५ पास्कल बघून पैसे द्या. त्याच वेळी गॅसच्या वॉटर हीटरच्या धुराड्याशी धूरकांडी धरून धूर आत खेचला जातो की नाही ते तपासायला सांगा. पंखा गरजेपेक्षा मोठा असला आणि फटी उघड्या राहिल्या तर तो तळघरातली हवा खाली ओढतो, आणि हीटरचा कार्बन मोनॉक्साइड उलटा घरात येऊ शकतो. रेडॉन वर्षांनी त्रास देतो, कार्बन मोनॉक्साइड एका रात्रीत जीव घेतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तळघरात आणि झोपायच्या मजल्यावर असायलाच हवा.

पाइपाला लावलेली यू आकाराची रंगीत पाण्याची नळी, म्हणजे मॅनोमीटर, वाचायला शिका. पहिल्या दिवशीची पातळी पेनाने खूण करून ठेवा. दोन्ही बाजू समान झाल्या तर पंखा बंद पडला आहे, नाहीतर नळी पाइपातून निसटली आहे. आकडा खुणेपेक्षा बराच वर गेला तर पंख्याच्या खाली पाइपात पाणी साचले आहे. खाली आला तर कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा पंपवाल्याने सम्पचे झाकण उघडून तसेच ठेवलेले असते. नाहीतर वरच्या तोंडाला बर्फ धरला आहे. एक लक्षात असू द्या: ही नळी पाइपातला दाब दाखवते, घरातला रेडॉन नव्हे. पाइपात एक इंच, म्हणजे सुमारे २५० पास्कल असतानाही लांबचा कोपरा शून्यावर असू शकतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी पंखा सुरू झाल्यावर २४ तास जाऊ देऊन आणि ३० दिवसांच्या आत करा, आणि ती ज्याने पंखा बसवला त्याच्याकडून करून घेऊ नका. न्यू जर्सीत मोजणाऱ्याला आणि दुरुस्ती करणाऱ्याला, दोघांनाही राज्याच्या पर्यावरण खात्याचे प्रमाणपत्र लागते. प्रमाणपत्र क्रमांक करारावर लिहून घ्या. पहिल्या हिवाळ्यात पुन्हा एकदा मोजा, मग दर दोन वर्षांनी, आणि तळघर फिनिश केले किंवा भट्टी बदलली की लगेच. फिनिश करण्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे: आधी रेडॉनचे काम, मग भिंती आणि कार्पेट. उलट केले तर सांधा सापडतच नाही.

खर्च घराच्या रचनेप्रमाणे बदलतो, पण एका खड्ड्याच्या साध्या कामाला बहुधा १,२०० ते २,५०० डॉलर लागतात. ६० वॉटचा पंखा वर्षभर अखंड चालला तर सुमारे ५२५ युनिट वीज घेतो. वाटाघाटीत विक्रेत्याने काम करून द्यावे यापेक्षा तेवढे पैसे क्लोजिंगला वळते करावेत आणि काम तुम्ही करून घ्यावे, असे मी सुचवेन. घर विकून जाणाऱ्याला स्वस्तातले काम पुरते. तिथे राहणाऱ्याला लांबच्या कोपऱ्याचा दाब हवा असतो. विक्रेताच करणार असेल तर करारात ‘पंखा बसवणे’ असे न लिहिता ‘स्वतंत्र चाचणीत २.७ पेक्षा कमी’ असे लिहून घ्या. घर बांधतानाच स्लॅबखालून छतापर्यंत रिकामा पाइप टाकलेला आहे का हेही बघा. असा पाइप सापडला तर माळ्यावर फक्त पंखा जोडायचा उरतो, आणि बिल निम्म्यावर येऊ शकते.

आता विक्रेत्याच्या खिडक्यांबद्दल. खिडकी उघडली की आकडा उतरतो हे खरे, पण बंद केली की अर्ध्या दिवसात पुन्हा पूर्वपदावर येतो, आणि जानेवारीत कोणी खिडकी उघडी ठेवत नाही. फक्त वरच्या मजल्याची उघडली तर धुराड्याची ओढ वाढून तळघरात रेडॉन उलट जास्त येऊ शकतो. नुसते सीलंट किंवा भिंतींना रंग हाही उपाय नाही. सिमेंट आकसते, नवी फट पडते. एअर प्युरिफायर धूळ आणि तिला चिकटलेले अणू काढतो, रेडॉन काढत नाही, आणि धूळ नसली की नवे पोलोनियम सुटे राहून श्वासनलिकेत अधिक सहज बसते. त्यावर पैसे घालवू नका. ग्रॅनाइटच्या ओट्याची भीती बहुतेक घरांत अनाठायी आहे. ओट्याचा वाटा मातीच्या तुलनेत नगण्य असतो.

बोअरवेलचे पाणी मात्र तपासा. रेडॉन पाण्यात विरघळतो आणि आंघोळीच्या, भांड्यांच्या गरम पाण्यातून हवेत सुटतो. ठोकताळा असा: पाण्यात १०,००० पिकोक्युरी असतील तर हवेत सुमारे १ ची भर. म्हणजे पाण्यात २०,००० निघाले तर तुमच्या ७.२ पैकी २ पाण्याचे असू शकतात आणि पंखा ते काढणार नाही. नमुना घेताना नळाची जाळी काढा, पाणी काही मिनिटे वाहू द्या, पाण्याखालीच बाटली भरून बंद करा; आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा कमी येतो. प्रमाण जास्त असेल तर पाण्यात हवा घुसळून रेडॉन बाहेर काढणारे यंत्र घ्या; ते ९९ टक्क्यांपर्यंत काढते. कोळशाची टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात रेडॉन फुटत राहतो आणि टाकी स्वतःच गॅमा किरणे सोडू लागते. ती झोपायच्या खोलीच्या भिंतीपलीकडे कधीही नको.

आई-वडिलांचे म्हणणेही अगदी निराधार नाही. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर बसला आहे आणि बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटच्या तुलनेत युरेनियम फार कमी असते. आपल्या घरांना सहसा तळघर नसते, खिडक्या दिवसभर उघड्या असतात, घर गरम करायचे नसते म्हणून धुराड्याची ओढही नसते. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला तर मातीचा स्पर्शच नाही. पण पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गाच्या दक्षिणेला बेसॉल्ट संपून जुने ग्रॅनाइट-नाइस खडक लागतात, आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम आहे, ज्यापासून रेडॉनचा दुसरा भाऊ थोरॉन निघतो. त्याचा अर्धायुकाल जेमतेम ५५ सेकंद, म्हणून तो भिंतीपासून किंवा जमिनीपासून फार दूर पोहोचत नाही. दोन्ही वायू वेगळे मोजता यावेत यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने सूचिछिद्रांचे दोन कप्प्यांचे डोसीमीटर विकसित केले आहेत. भारतात तळमजल्यावर दिवसरात्र एसी लावून बंद ठेवलेल्या खोल्या वाढत आहेत. जुन्या खुल्या घरांचा हिशेब त्यांना लागू होत नाही.

आई-वडील येईपर्यंत काम पूर्ण झाले नाही, तर त्यांची झोपायची सोय वरच्या मजल्यावर करा. तिथला आकडा साधारण तळघराच्या निम्म्यावर असतो. गरम हवेचे डक्ट सगळ्या घरातून फिरत असतील तर फरक कमी पडतो, म्हणून तिथेही एक डबा ठेवून मोजा.